मांजरथडीचे दोन तास

कल्याणी हलकुडे यांचा मुंबईत सत्कार झाला, तेव्हा सूत्रसंचालकाने त्यांच्या जिल्ह्याचं नाव तीनदा चुकवलं. माजलथडी, मांजरवाडी, तोंडाला येईल ते. आकडा मात्र त्याने बरोबर वाचला. चोरीच्या आरोपातली शंभरातली एकाहत्तर माणसं निर्दोष, आणि त्यासाठी वकिलाचा वेळ, दर खटल्याला सरासरी दोन तास. टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ घेऊन बाई खाली उतरल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांना देखरेख समितीवर घेण्यात आलं. अकरा वर्षं जिल्हा कोर्टात गोरगरिबांचे खटले चालवलेली बाई आता सगळ्या राज्याच्या बचाव सेवेवर नजर ठेवणार, म्हणून मांजरथडीच्या कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये पेढे वाटले गेले. पेढे बाईंनी स्वतःच आणले होते, हेही सांगून टाकतो. त्यांना कौतुक आवडायचं. कुणाला आवडत नाही?

ज्याला वकील परवडत नाही, त्याला सरकारने स्वतःच्या खर्चाने वकील द्यायचा, याचं नाव राज्य बचाव सेवा. सेवेला दर वर्षी ठरावीक अनुदान मिळे, त्यातून वकिलांचे ठरावीक तास निघत, आणि ते कधीच पुरत नसत. कुणाला किती तास द्यायचे यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालत. शेवटी हे काम एका यंत्राकडे देण्यात आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव समवाटप प्रणाली. वकील त्याला मीटर म्हणत, कारण ते रिक्षाच्या मीटरसारखं पडायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही.

मीटर चालतं कसं, ते एकदा समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. नवा आरोपी आला की यंत्र गेल्या वीस वर्षांच्या निकालांतून त्याच्यासारखे खटले शोधून काढतं. तेच कलम, तसाच पुरावा, त्याच परिस्थितीतली माणसं. यांना जुळे खटले म्हणायचं. त्यातल्या काहींना वकिलाने भरपूर वेळ दिलेला असतो, काहींना थोडा. जास्त वेळ दिल्याने निकालात काय फरक पडला, एवढंच यंत्र मोजतं. औषधाची चाचणी घेतात तसंच हे. सारख्याच दोन रोग्यांपैकी एकाला मोठी मात्रा, दुसऱ्याला लहान, आणि मग कोण किती बरा झाला ते पाहायचं. मोठ्या मात्रेने फरक पडत असेल, तर तास जास्त. पडत नसेल, तर थोडक्यात भागवायचं. एकूण तास बांधलेले, त्यामुळे एकाला दिले की दुसऱ्याचे कापले जातात.

आणि खरं सांगायचं तर मीटरने वाईट केलं नव्हतं. आधी ज्याचा नातेवाईक ऑफिसात येऊन आरडाओरडा करी, त्याला वेळ मिळे. आता मुक्या माणसालाही मिळू लागला होता. दर फेब्रुवारीत देखरेख समितीचे पाचही सदस्य 'यंत्राची वाटणी योग्य आहे' अशा प्रमाणपत्रावर सही करत, आणि मगच पुढच्या वर्षाचं अनुदान सुटे. या वर्षी चार सह्या झाल्या होत्या. पाचवी कल्याणीबाईंची राहिली होती.

सही त्या करणारच होत्या. बुधवारी सकाळी निकिताचा फोन आला म्हणून राहिली.

निकिता सोनकांबळे एके काळी त्यांच्या हाताखाली होती. आता मांजरथडीच्या बचाव ऑफिसचा निम्मा भार तिच्यावर होता. तक्रार करणारी मुलगी नव्हे. तिने फक्त विचारलं की मॅडम, समितीला एखाद्या खटल्याचे तास तपासता येतात का. वैजंता धोत्रे नावाच्या बाईचा खटला होता. घरकाम करणारी, त्रेचाळीस वर्षांची. मालकिणीचं नऊ तोळे सोनं चोरल्याचा आरोप. सात महिने तुरुंगात. नऊ तारखेला मालकिणीची उलटतपासणी, आणि मीटरने सगळ्या खटल्याला मिळून दिले होते एक तास पन्नास मिनिटं.

कल्याणीबाईंनी जेवणाआधीच यंत्राला कारण विचारलं. सदस्य म्हणून तेवढा अधिकार त्यांना होता. उत्तर लगेच आलं. या प्रकारच्या खटल्यात वकिलाचा जास्तीचा वेळ निकालात फरक पाडत नाही, दोन तासांतच उत्तम निकाल लागतो. आधार म्हणून चाळीस जुळे खटले. यादी उघडली. पहिला खटला त्यांचा स्वतःचा. दुसराही. तिसरा कुणा दुसऱ्याचा, पुढे पुन्हा त्यांचेच सात. चाळीसपैकी एकतीस खटले कल्याणी हलकुडे यांनी चालवलेले, आणि प्रत्येकापुढे वेळ, दोन तास.

त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. कारण त्या एकतिसांतला एकही खटला दोन तासांत झालेला नव्हता.

मांजरथडीच्या ऑफिसात एक रीत होती. वकिलांची वेळेची डायरी रोजच्या रोज कुणी भरत नसे. महिन्याच्या तीस तारखेला कुलथे कारकून रजिस्टर घेऊन बसे, चहा मागवला जाई, आणि कुलथे एकेक नाव वाचून विचारी, मॅडम, काय टाकू? बाई म्हणत, दोन टाका. पुढचं? दोन. अर्ध्या तासात महिना संपे. त्यामागे अक्कलही होती. सहा तासांच्या वर लिहिलं की लेखी खुलासा मागत, आणि जास्तीचे तास पुढच्या महिन्यात ऑफिसच्या वाट्यातून वळते करत. म्हणजे एकासाठी खरं लिहिलं की दुसऱ्याच्या पोटावर पाय. म्हणून सगळेच कमी लिहीत. कल्याणीबाई सगळ्यांत कमी लिहीत आणि सगळ्यांत जास्त करत. शनिवार-रविवारी एसटीने गावोगाव जायच्या. जिथे चोरी झाली ती जागा स्वतः बघायच्या, शेजारणींशी ओट्यावर बसून बोलायच्या, पिठाच्या गिरणीत विचारपूस करायच्या. एका वॉचमनसाठी त्या सलग पाच रविवार एका जिनिंग मिलच्या फाटकापाशी बसल्या होत्या. डायरीत दोन तास. आणि मनातून त्यांना त्याचा अभिमानही होता. आपण एवढं करतो आणि लिहीतसुद्धा नाही.

रोग्याने अख्खी बाटली प्यावी आणि कागदावर एक चमचा लिहावा, तसं झालं होतं. यंत्राने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की एका चमच्यात रोगी बरा होतो.

हे एका वैजंताबाईपुरतं असतं तरी एक वेळ ठीक. पण तीन वर्षांपूर्वी बचाव सेवेच्या मंडळाने 'मांजरथडी नमुना' म्हणून परिपत्रक काढलं होतं. मांजरथडीला दोन तासांत जमतं, तर बाकीच्यांना का जमू नये, असं म्हणून सगळ्या राज्याच्या तासांची मागणीच खाली आणली होती. बाईंनी ते परिपत्रक फ्रेम करून घरात बैठकीच्या खोलीत लावलं होतं. त्या दुपारी त्यांनी ते भिंतीवरून उतरवलं आणि कुठे ठेवावं ते न सुचून पलंगाखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्या तुरुंगात गेल्या. समितीच्या सदस्याला पाहणीचा हक्क होता. वैजंताबाई धोत्रे सुकलेली, पण बोलायला खमकी बाई निघाली. तिने सगळं नीट सांगितलं. मालकिणीच्या म्हणण्याप्रमाणे तिने साडेदहाला दागिने कपाटात ठेवले आणि ती लग्नाला गेली. दाराला अंगठ्याचं कुलूप. बाहेरून दार उघडलं की वेळ नोंदली जाते, आणि त्या कुलपाने नोंदलं होतं की अकरा वीसला वैजंताच्या अंगठ्याने दार उघडलं. वैजंताचं म्हणणं असं की त्या दिवशी ती एकदाच बाहेरून आत आली, कचरा टाकून, दहाच्या सुमाराला. भांडी आवरली आणि सव्वादहाला कामावरून गेली. मालकीण तेव्हा घरातच होती. वैजंताची मुलगी नर्सिंगचं कॉलेज सोडून आईची कामं सांभाळायला निघाली होती, पण चोरणीच्या मुलीला कोण घरात घेणार.

कल्याणीबाईंना ऐकता ऐकताच कळलं काय करायला हवं ते. हातात घड्याळ घेऊन त्या कुलपासमोर जाऊन उभं राहायचं. कुलपाची वेळ बरोबर आहे का बघायची. कचऱ्याच्या गाडीवाल्याला गाठायचं, जिन्यातल्या शेजारणीला विचारायचं, कुलपाच्या नोंदी मागवायला अर्ज करायचा. दोन-तीन पूर्ण दिवसांचं काम. एक तास पन्नास मिनिटांत निकिता फार तर आरोपपत्र वाचून काढील.

"ती पोरगी चांगली हाय," वैजंताबाई म्हणाली, "पण माझ्याशी बोलताना सारखी घड्याळाकडं बघती. मला वाटतं, माझं काही खरं न्हाई."

कल्याणीबाईंना तिच्या तोंडाकडे बघवेना. हे मी केलंय, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

समितीचे अध्यक्ष वर्तक म्हणून निवृत्त अधिकारी होते, भले गृहस्थ. बाईंनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. मग त्यांनी समजावून पाहिलं की सही करून टाका, पुढच्या वर्षी आपण हळूच दुरुस्ती सुचवू, यंत्रात अशा उणिवा असतातच. बाईंनी विचारलं, आणि नऊ तारखेचं काय?

"तुम्ही अकरा वर्षं सरकारी नोंदी खोट्या केल्यात, असं तुम्हीच म्हणताय, बाई," ते शेवटी म्हणाले. "हे लेखी आलं तर मला पोलिसांत द्यावं लागेल. मला ते करायला लावू नका."

दोन दिवस कल्याणीबाईंना अन्न गोड लागलं नाही. भीती वाटत होती, आणि ती त्यांनी नवऱ्यापासून लपवलीही नाही. भास्करराव शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी पेन्शनचं विचारलं. मग तुरुंगवास होऊ शकतो का ते विचारलं. दोन्हींची उत्तरं ऐकून ते उठून अंगणात गेले, झाडांना पाणी घालून परत आले.

"अकरा वर्षं रविवारी मी एकटा जेवलो," ते म्हणाले. "तू कुठे असतेस ते मला माहीत होतं. सरकारला माहीत नव्हतं. आता सांग त्यांना."

मग दोघं मिळून बसले. जुन्या पिशव्यांतली बसची तिकिटं, भास्कररावांच्या दैनंदिन्या, बाईंची स्मरणशक्ती, जे मिळेल त्याच्या आधाराने तीनशे बारा खटल्यांचे खरे तास लिहून काढले. चार दिवस लागले. सरासरी आली सत्तावीस तास. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी बाईंनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. प्रमाणपत्रावर केली नाही.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मंडळाने मांजरथडीचे आकडे बदलून यंत्र नव्याने चालवलं. दोन दिवसांत उत्तर आलं. वैजंता धोत्रे, वकिलाच्या वेळेने निकालात मोठा फरक संभवतो, चोवीस तास. निकिताने फोन केला तेव्हा तिचा आवाज हसरा होता. राज्यभरातून अशीच उत्तरं येऊ लागली. सगळीकडे तास कमी पडत होते हे आता यंत्रच म्हणू लागलं. मंडळाने त्यावर कळवलं की एकूण अनुदानाचा विचार पुढच्या अर्थसंकल्पात होईल, तोवर आहे तेवढ्यातच भागवा. आणि वर्तकांनी जे सांगितलं होतं, ते केलं. खोट्या सरकारी नोंदी केल्याबद्दल कल्याणी हलकुडे यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यांच्याच कोर्टात. आठ तारखेला हजर राहायचं होतं, ते एक दिवस पुढे ढकलून नऊ तारीख मिळाली.

बार रूममध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. लोकांचंही खरं होतं, आता सगळ्यांच्याच डायऱ्या उघडणार होत्या. कुलथे तर रस्त्यात भेटला की दुकानात शिरे. ज्यांनी पेढे खाल्ले होते, त्यांतला एकही वकील बाईंचं वकीलपत्र घ्यायला तयार नव्हता. पण स्त्री असल्यामुळे कायद्याने त्यांना फुकट सरकारी वकिली मदत मिळण्याचा हक्क होता, आणि त्यांचा खटला रीतसर बचाव ऑफिसात आला. म्हणजे निकिताकडे.

गुरुवारी दुपारी निकिता घरी आली. वैजंताबाईची फाइल एका काखेत, बाईंची दुसऱ्या. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. निकिताने सांगितलं की मीटरने मॅडमसाठी अकरा तास दिले आहेत. गुन्हा कबूल असला तरी चांगला वकील असेल तर दंडावर सुटका होऊ शकते, नाहीतर वर्ष-दोन वर्षं आत, असा यंत्राचा हिशेब. बाईंनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, हे अकरा आले कुठून?

निकिताने वैजंताबाईची फाइल पुढे ओढली. ऑफिसचे तास तेवढेच होते. मॅडमचा खटला आत आल्यावर वाटणी पुन्हा झाली होती. वैजंताबाईचे चोवीस होते, त्याचे तेरा झाले होते. त्यातले नऊ आरोपपत्र वाचण्यात आणि अर्ज लिहिण्यात गेले होते. उरले चार. कुलपासमोर अजून कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

"मॅडम, मी तुमचं काम रविवारी करीन," निकिता म्हणाली. "ते लिहिणार नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही. तुमचा वेळ शून्य दाखवते, वैजंताबाईचे तास तिला परत मिळतील."

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. मोह किती साधा असतो ते त्यांना तेव्हा कळलं. ही मुलगी त्यांच्यासाठी अगदी तेच करायला निघाली होती जे त्यांनी तीनशे बारा जणांसाठी केलं होतं, आणि तितक्याच मायेने. कुणाचं नुकसान नाही, त्या सुटतील, वैजंताबाईही सुटेल. फक्त यंत्र पुन्हा एकदा शिकेल की कबुली दिलेल्या आरोपीला वकील लागतच नाही. आणि मग पुढच्या गावात, पुढच्या वर्षी, असाच कुणीतरी खरं बोलून उभा राहील आणि त्याला मिळतील दहा मिनिटं.

"आज तू इथे किती वेळ बसलीस?" त्यांनी विचारलं.

पाऊण तास झाला असेल, निकिता म्हणाली.

"तो लिही. माझ्या नावावर, पाऊण तास. आणि ऊठ. मला वकील नको, असा अर्ज मी आत्ता लिहून देते. तो दाखल झाला की माझे उरलेले तास तिच्याकडे परत जातील, खरेखुरे."

निकिता आधी चिडली, मग रडली. तुम्हाला आत जावं लागेल, मॅडम, असं तिने दोनदा म्हटलं. बाईंनी कबूल केलं की त्यांना फार भीती वाटते. पासष्टीच्या नवऱ्याला एकटं टाकून तुरुंगात जायच्या कल्पनेने त्यांना पहाटे जाग येते. अर्ज लिहिताना त्यांचं अक्षर एरवीसारखं आलं नाही. पण अर्ज त्यांनी पुरा केला, आणि निकिताच्या हातात देऊन तिला मालकिणीच्या कॉलनीकडे, त्या कुलपापाशी जाणारी सव्वा वाजताची बस कुठे थांबते तेही सांगितलं.

नऊ तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात कल्याणीबाई सकाळपासून बाकावर बसून होत्या. भास्करराव शेजारी, मांडीवर डबा. तीन नंबरच्या कोर्टात निकिता मालकिणीची उलटतपासणी घेत होती. दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडून तुकडे तुकडे कानावर येत होते. कुलपाचं घड्याळ ऐंशी मिनिटं पुढे आहे, हे निकिताने पंचांसमोर तपासून घेतलं होतं. कचऱ्याच्या गाडीची त्या दिवशीची वेळ नऊ पंचावन्न होती. मालकीण लग्नाहून परतली ती तीन वाजता, फोटो होते, आणि कुलूप म्हणत होतं चार वीस. म्हणजे अकरा वीस हे खरे दहा. तेव्हा मालकीण घरातच होती आणि दागिने तिच्या अंगावर. न्यायाधीश साहेबांनी कुलूप जप्त करून तपासणीला पाठवायचा हुकूम केला आणि वैजंता धोत्रेला जामीन दिला.

ती बाहेर आली ती महिला पोलिसाचा हात धरूनच. तिची मुलगी तिच्या गळ्यात पडली. बाकावर कल्याणीबाई दिसल्या तशी वैजंताबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिला वाटलं, बाई पाहणीला आल्या आहेत. आपली तारीख आहे असं बाईंनी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

"मग वकील दिला का न्हाई तुम्हाला?" तिने विचारलं. "सरकार देतं की फुकट. माझी ती पोरगी बगा, लई हुशार हाय. मी बोलू का तिच्याशी?"

"नको," कल्याणीबाई म्हणाल्या. "तिला अजून तुझे जामिनाचे कागद करायचेत. तू तिच्याबरोबर जा."

वैजंताबाईला ते काही पटलं नाही. मुलीने ओढून नेलं म्हणून ती गेली, तरी दोनदा मागे वळून पाहिलं. तेवढ्यात एक नंबरच्या कोर्टाच्या शिपायाने कल्याणी हलकुडे असा पुकारा केला. अकरा वर्षं त्याने हे नाव वकील म्हणून पुकारलं होतं. या वेळी पुकारताना त्याने नजर खाली ठेवली. भास्कररावांनी डबा बाकावर ठेवला आणि ते दारापर्यंत बरोबर आले. त्यापुढे त्यांना जाता येत नव्हतं.

आत नेहमीच्या वकिलांच्या टेबलाशी बाईंचे पाय आपोआप वळले. त्या थांबल्या आणि चार पावलं मागे जाऊन आरोपीच्या जागेवर उभ्या राहिल्या. साहेबांनी कागद उलटले, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, आरोपीतर्फे कोण.

"कुणी नाही, साहेब," कल्याणीबाई म्हणाल्या. "मी एकटीच आहे."

साहेबांनी लघुलेखकाला सांगितलं आणि रोजनाम्यात तेच लिहिलं गेलं, जसंच्या तसं.